गोळी मागण्याआधी पाळीच्या तारखा पाहा

श्रावण सुरू झाला की आमच्या औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची विचारणा वाढू लागते आणि गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ती सर्वांत जास्त असते. कोणाच्या घरी गौरी बसणार असतात, कोणाकडे सत्यनारायण असतो, कोणाची तिरुपतीची तिकिटे काढलेली असतात. "ताई, गौरी आणि माझी तारीख एकदमच येतेय, गोळी द्या ना," असे म्हणणाऱ्या बाईला मी आधी विचारते, की मागची पाळी कोणत्या तारखेला आली होती आणि तिच्या आधीची कधी. बहुतेक वेळा उत्तर मिळते, "येते हो, थोडी मागेपुढे होते इतकंच." तालुक्याच्या गावात फार्मासिस्ट म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच उत्तराची. थोडी मागेपुढे होणारी पाळी अगदी नैसर्गिक असू शकते, तशीच तिच्यामागे पीसीओडी (अंडाशयाचा एक संप्रेरकांशी निगडित विकार), थायरॉइड, गर्भधारणा किंवा क्वचित गर्भाशयाचा गंभीर आजारही असू शकतो, आणि यांतले काय खरे आहे याचा शोध घ्यायचा तर पहिली गरज असते ती लिहून ठेवलेल्या तारखांची.

त्या गोळ्यांबद्दल आधी सांगते. त्यांत नॉरएथिस्टेरॉन असते. ते प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे संप्रेरक असून गोळ्या चालू असेपर्यंत गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते आणि त्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे असते, आणि त्याला कारण आहे. ज्यांच्या पायाच्या नसेत पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा ज्यांचा अनियमित रक्तस्राव कशामुळे होतो हेच अजून ठरलेले नाही, त्यांनी ते परस्पर घेणे धोक्याचे असते. घरातल्या सणावाराला कोणी काय पाळावे हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्यात मी पडत नाही. मात्र ज्या बाईची पाळी आधीच बेभरवशाची आहे तिने वर्षातून तीन-चार वेळा अशी गोळी घेतली, तर तिची स्वतःची लय कोणती आणि गोळीने आणलेली कोणती हे डॉक्टरांनाही उलगडत नाही.

नियमित पाळी म्हणजे दर महिन्याला त्याच तारखेला येणारी पाळी, असा समज फार घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे असते आणि प्रौढ स्त्रीमध्ये हे अंतर २४ ते ३८ दिवस असले तर ते नैसर्गिक मानले जाते. जिची पाळी २६ दिवसांनी येते तिला १ तारखेला आणि पुन्हा २७ तारखेला पाळी येणारच, आणि "एका महिन्यात दोनदा आली" म्हणून तिने घाबरण्याचे कारण नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका तिथीवर हिशेब ठेवत, आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने तो हिशेब इंग्रजी महिन्यापेक्षा पाळीच्या चालीला अधिक जवळचा होता. दोन पाळ्यांमधले अंतर दर वेळी थोडे बदलते, पण वर्षभरातले सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे अंतर यांत सात ते नऊ दिवसांहून अधिक फरक पडत असेल, तर त्या पाळीला अनियमित म्हणावे. रक्तस्राव आठ दिवसांच्या पुढे जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसणे आणि शरीरसंबंधानंतर रक्त येणे या तिन्ही गोष्टी, अंतर कितीही नेमके असले तरी, डॉक्टरांना सांगण्याच्या आहेत.

तारखा लिहिण्यासाठी मोबाइलमधले ॲप असलेच पाहिजे असे नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली असतेच, तिथेच पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती पेन्सिलने एक गोल करावा आणि शेवटच्या दिवशी एक आडवी रेघ मारावी. दुकानात येणाऱ्या एका काकूंनी फाडलेली पाने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात जपून ठेवली होती. त्यांवर गोल होते, ज्या दिवशी रक्ताच्या गाठी पडल्या त्या दिवशी गोलात फुली होती आणि ज्या दिवशी औषध घेतले तिथे छोटासा 'गो' लिहिलेला होता. डॉक्टरांना हवी ती जवळपास सगळी माहिती त्या पानांवर होती. यात एकच भर घालायला मी सुचवीन. पॅड किंवा कापड दिवसातून किती वेळा बदलावे लागले तो आकडा कोपऱ्यात लिहावा, कारण "खूप जाते" हे प्रत्येकीच्या बाबतीत वेगळे असते. सासरी सर्वांसमोर भिंतीवर खुणा करणे अवघड वाटत असेल तर वहीचे शेवटचे पान पुरते.

पाळी का बिघडते हे समजण्यासाठी शरीरातला क्रम थोडा माहीत असावा लागतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, मग अंडाशयातून बीज बाहेर पडते आणि त्यानंतर सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला स्थिर ठेवते. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरते आणि अस्तर ठरल्या वेळी एकदम गळून पडते. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडलेच नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर मात्र वाढतच राहते आणि कधीतरी, केव्हाही, तुकड्यातुकड्यांनी सुटू लागते. दोन-अडीच महिने पाळी नाही आणि मग आली ती पंधरा दिवस थांबेना, ही तक्रार याच प्रकारची असते. असे वर्षानुवर्षे होत राहिले तर त्या अस्तरात कर्करोगाकडे जाणारे बदल होण्याचा धोका वाढतो, म्हणून पाळी न येणे ही निव्वळ सोय समजून सोडून देऊ नये.

मुलीला न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही. त्यामुळे या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतरही स्वाभाविक असते, आणि पहिल्या वर्षातच "नियमित करून द्या" म्हणून औषधांचा आग्रह धरणाऱ्या आयांना मी थांबायला सांगते. मात्र वयाची १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा एकदा सुरू झाल्यानंतर कधीही सलग ९० दिवस ती आली नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जाणाऱ्या मुलीचाही विचार वेगळा करावा लागतो. तिच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबले नसेल किंवा घरात कोणाला असा त्रास असेल, तर रक्त गोठण्यातच जन्मजात दोष असू शकतो, आणि व्हॉन विलेब्रँड नावाचा असा आजार कधी कधी पाळीमुळेच प्रथम लक्षात येतो.

अविवाहित मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले तर लोक काय म्हणतील, आणि तिथे आतून तपासणी करतील का, या दोन भीतींपोटी किती घरे वाट पाहत बसतात हे मी रोज बघते. अशा मुलीची सोनोग्राफी लघवी साठल्यावर पोटावरूनच करतात आणि आतली तपासणी बहुधा लागतच नाही. डॉक्टरांनी मुलीशी दोन मिनिटे एकटीने बोलायचे म्हटले तर आईने बाहेर बसावे, त्यात तिचा अपमान नसतो. आपल्या राज्यात अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक चालते, तिथे समुपदेशक असतात आणि अशा प्रश्नांसाठी ती जागा सोयीची आहे.

आता पीसीओडीविषयी, कारण आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलींच्या चिठ्ठ्यांवर सर्वांत जास्त दिसते ते हेच निदान. प्रजननक्षम वयातल्या दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला हा विकार असतो. प्रौढ स्त्रीमध्ये तीन गोष्टींपैकी दोन असाव्या लागतात. पाळी अनियमित असणे, हनुवटीवर-छातीवर राठ केस किंवा हट्टी मुरमे अशी पुरुषी संप्रेरकांची चिन्हे असणे, आणि सोनोग्राफीत अंडाशयावर अनेक लहान पुटिका दिसणे या त्या तीन गोष्टी. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध आणणारे संप्रेरक) ठीक असल्याची खात्रीही करून घ्यावी लागते. नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून निदान होत नाही, आणि पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत तर या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊच नये, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. "हिच्या अंडाशयात गाठी आहेत, आता मूल होणार नाही," असे ऐकून रडत आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला हे नीट समजावून सांगणारे कोणी भेटले असते तर किती बरे झाले असते, असे मला फार वाटले. त्या पुटिका म्हणजे पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या छोट्या पिशव्या असतात, काढून टाकण्याच्या गाठी नव्हेत, आणि या विकाराच्या बहुसंख्य स्त्रियांना, काहींना औषधांची मदत घेऊन, मूल होते.

पीसीओडीत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून मधुमेह आणि रक्तदाब यांच्याकडेही पाहावे लागते. मानेच्या मागच्या बाजूला आणि काखेत त्वचा काळी, मखमलीसारखी जाड होऊ लागली तर ती मळ समजून घासत बसू नये, साखर तपासावी. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्क्यांनी कमी झाले तरी पाळीत फरक पडू शकतो, पण सडपातळ मुलींनाही हा विकार होतो, त्यामुळे "जरा जाडी कमी कर" एवढ्यावर कोणी तिची बोळवण करू नये. बाकी उपचार वय, मूल हवे की नको आणि त्रास कशाचा जास्त आहे यावर ठरतात. पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबू न देणे हा त्यांतला एक महत्त्वाचा भाग, आणि त्यासाठी कोणते औषध घ्यायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे असते, मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून नव्हे.

याच्या उलट टोकाला असतात पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या आणि एका डब्यावर दिवस काढणाऱ्या मुली. खर्च होणारी ऊर्जा आणि पोटात जाणारे अन्न यांत फार तफावत पडली की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशाराच मंदावतो आणि पाळी थांबते. तयारीच्या काळात कटकट गेली म्हणून मुलींना बरेच वाटते. परंतु इस्ट्रोजेन कमी राहिले तर हाडे ठिसूळ होत जातात आणि धावणाऱ्या मुलीच्या पायाच्या हाडाला बारीक भेग पडते ती अनेकदा यामुळेच. अशा मुलीला पाळीच्या गोळीआधी पोटभर जेवण लागते.

थायरॉइडचे काम मंदावले की थकवा आणि केस गळणे यांबरोबर पाळीत रक्त जास्त जाऊ लागते, आणि टीएसएच ही साधी रक्ततपासणी त्याचा उलगडा करते. प्रोलॅक्टिन वाढले तर बाळ अंगावर पीत नसतानाही स्तनांतून दूध येते आणि पाळी लांबते. इथे फार्मासिस्ट म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ॲसिडिटीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडॉन असते आणि तेही प्रोलॅक्टिन वाढवू शकते, शिवाय मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही असे होते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, मात्र मनोविकाराचे औषध मनाने बंद करू नये.

दुकानात हळू आवाजात होणारी दुसरी मागणी असते ती "पाळी येण्याच्या गोळी"ची. पाळी चुकलेल्या, शरीरसंबंध आलेल्या कोणत्याही स्त्रीने आधी लघवीची गर्भधारणा चाचणी करावी, मग ती विवाहित असो वा नसो, कॉपर-टी असो वा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असो. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतल्यामुळे अर्धवट गर्भपात होऊन महिनाभर अंगावर जात राहिलेल्या स्त्रिया आमच्याकडे लोहाच्या गोळ्या मागायला येतात, तेव्हा त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते. आपल्याकडे गर्भपात कायद्याच्या चौकटीत मिळतो आणि तो गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पाळी चुकल्यानंतर ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे असे काही झाले तर गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत राहिलेला असू शकतो, आणि अशा वेळी रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये.

गर्भनिरोधकांमुळेही पाळी बदलते, आणि ते आधी सांगितलेले नसले की घबराट होते. 'अंतरा' इंजेक्शनने सुरुवातीला अधूनमधून डाग दिसतात आणि पुढे पाळी बंदही होते, 'छाया' गोळ्यांनी ती लांबू शकते, कॉपर-टी बसवल्यावर पहिले काही महिने रक्त जास्त जाते, आणि बहात्तर तासांची गोळी घेतल्यावर पुढची पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते.

जास्त रक्त जाण्याकडे मात्र आपल्या घरांतून जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कशाकडेही होत नसेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि महाराष्ट्रातले प्रमाण ५४.२ टक्के होते. याला आहार कारण आहेच, पण दर महिन्याला वाहून जाणारे लोहही आहे. रात्री पॅड बदलायला उठावे लागणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, बाहेर पडताना दोन पॅड एकदम लावावी लागणे, पाळीच्या दिवसांत जिना चढताना धाप लागणे, यांतले काहीही दर महिन्याला होत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे आणि कारण शोधावे. दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे सलग दोन तासांहून अधिक चालले असेल, त्यात छातीत धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो तातडीचा प्रसंग समजावा आणि १०८ ला फोन करावा.

चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होणे अपेक्षित असते, आणि "आता जायची वेळ झाली" असे सगळ्याजणी एकमेकींना सांगतात. पाळी जाताना अंतर वाढत जाते आणि सलग बारा महिने ती आली नाही म्हणजे गेली असे धरतात. पंचेचाळिशीनंतर नव्याने अनियमित किंवा जास्त रक्तस्राव सुरू झाला तर अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा लागतो, आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी पुन्हा येतो का याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकदा कारण साधे निघते, पण त्यातूनच लवकर सापडणारा गर्भाशयाचा कर्करोग बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. वयाच्या चाळिशीच्या आतच पाळी गेली असेल तर तेही नैसर्गिक समजू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी केंद्रांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी केली जाते, त्यासाठी पाळीची तक्रार असण्याचीही गरज नाही.

याच वयात, आणि कित्येकदा याहून फार आधी, पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न सर्वांसमोर आला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा तिशीतच गर्भाशय काढलेल्या कितीतरी जणी असल्याचे दिसले. फडावर ना शौचालय, ना पाणी, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, आणि पोटात दुखते किंवा अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले तर कर्करोगाची भीती घातली जाणार, अशा कोंडीत त्या स्त्रियांनी होकार दिला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले. मला हा विषय निघाला की आजही राग येतो, कारण त्यांतल्या अनेकींचा त्रास साध्या उपचारांनी आटोक्यात येण्यासारखा होता.

काही स्त्रियांना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते आणि त्यांनी ती घाबरून टाळू नये. पण होकार देण्याआधी रक्तस्रावाचे कारण काय निघाले, अस्तराचा तुकडा तपासला का, रक्त कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी औषधे किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आपल्याला चालेल का, हे विचारावे आणि जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. अंडाशय ठेवणार की काढणार हे तर विचारायलाच हवे, कारण कमी वयात दोन्ही अंडाशय काढले तर पाळीबरोबर इस्ट्रोजेनही एका दिवसात थांबते आणि हाडांचा व हृदयाचा धोका वाढतो. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल मागून जपून ठेवावा. अंडाशय आहेत की नाहीत ते त्यावर लिहिलेले असते, आणि पुढे अंगातून वाफा निघू लागल्या किंवा कंबर दुखू लागली तर डॉक्टर सर्वांत आधी तोच कागद मागतात.